त्वचेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि तिचे बिल : संकेतांकांच्या व्यवहाराचे विवेचन

त्वचेवर उद्भवलेली कर्करोगाची लहान गाठ भोवतालच्या निरोगी त्वचेच्या किनारीसह कापून काढणे, ही शल्यचिकित्सेतील तुलनेने सोपी क्रिया होय. भूल बहुधा स्थानिक असते, वेळ थोडा लागतो, आणि रोगी पुष्कळदा त्याच दिवशी घरी जातो. परंतु या क्रियेचे बिल कसे व्हावे, हा प्रश्न तितका सोपा नाही. गाठ कोणत्या जातीची होती, केवढी होती, शरीराच्या कोणत्या भागावर होती, ती काढताना किती निरोगी त्वचा सोबत घेतली, आणि उरलेली जखम कशी मिटविली, या पाच प्रश्नांच्या उत्तरांवर बिलाचा आकडा, विम्याची मान्यता आणि रोगाची सार्वजनिक गणना या तिन्ही गोष्टी अवलंबून राहतात. ही उत्तरे बिल करणाऱ्याजवळ नसतात. ती शस्त्रक्रियेच्या टिपणात असली तर असतात; तेथे नसली तर पुढे कोणालाही ती निर्माण करता येत नाहीत.

१. एका उपनगरातील दोन हिशेब

या विषयाच्या अभ्यासकाला मुंबईच्या उपनगरांत एक विशेष सोय आहे. अंधेरी पूर्वेस १९७३ साली स्थापन झालेले सीप्झ हे निर्यातक्षेत्र, त्यालगतची एमआयडीसी, मालाडचा माइंडस्पेस, आणि मुलुंडहून खाडीपूल ओलांडताच लागणारे ऐरोली, या पट्ट्यात परदेशी संस्थांची कार्यालयीन कामे करून देण्याचा व्यवसाय वाढला. अमेरिकन डॉक्टरांनी ध्वनिमुद्रित केलेली टिपणे ऐकून लिहून काढण्याचे काम, म्हणजे मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात भारतात येऊ लागले. त्यामागोमाग त्या टिपणांवरून बिलाचे संकेतांक ठरविण्याचे काम आले. त्यास कोडिंग आणि ते करणाऱ्यास कोडर असे म्हणतात. जीवशास्त्र, औषधनिर्माण, परिचर्या वा भौतिकोपचार यांतील पदवी घेतलेले तरुण या व्यवसायात आहेत. अमेरिकेत १९८८ साली स्थापन झालेल्या व्यावसायिक कोडरांच्या अकादमीची परीक्षा उत्तीर्ण होणे ही त्यांच्या बढतीची एक वाट होय.

अमेरिकेत त्वचेचा कर्करोग हा सर्व कर्करोगांत अधिक आढळणारा आहे. भारतात त्याचे प्रमाण अल्प आहे. म्हणून ज्या गाठीचे टिपण अंधेरीतील कोडरला नित्य वाचावे लागते, ती गाठ अंधेरीतील सर्वसामान्य शल्यचिकित्सकाच्या पाहण्यात क्वचितच येते. आणि ज्या दिवशी ती येते त्या दिवशी तिचा हिशेब अगदी निराळ्या रीतीने होतो. घाटकोपरच्या वा बोरिवलीच्या नर्सिंग होममध्ये हा हिशेब मेडिक्लेमच्या पॉलिसीशी बांधलेला असतो. राजावाडी, भगवती वा कूपर यांसारख्या महापालिकेच्या रुग्णालयांत तो केसपेपरापुरता राहतो. एकाच उपनगरात नांदणाऱ्या या दोन हिशेबांची तुलना केली असता दोहोंचेही गुणदोष स्पष्ट होतात.

२. रोगाचा संकेतांक

प्रत्येक बिलात मुळात दोन संकेतांक लागतात : रोग कोणता होता हे सांगणारा एक, आणि काय केले हे सांगणारा दुसरा. पहिल्याचा उगम बिलात नाही, मृत्यूच्या गणनेत आहे. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ याने १८९३ साली मृत्यूच्या कारणांची जी यादी मांडली, तिच्यापासून रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण वाढत गेले. १९४८ पासून त्याची जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे. दहावी आवृत्ती १९९० साली संमत झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली तरी बिलांच्या व्यवहारात दहावीचाच वापर रूढ आहे.

दहाव्या आवृत्तीत मेलॅनोमा या रंगद्रव्यपेशींच्या घातक कर्करोगास सी ४३ हे स्थान आहे, आणि त्वचेच्या इतर कर्करोगांस सी ४४. पुढील चौथा अंक शरीराचा भाग दाखवितो : ओठ ०, पापणी १, कान २, चेहऱ्याचा इतर भाग ३, डोक्याची त्वचा व मान ४, धड ५, हात ६, पाय ७. वरच्या थरातच थांबलेल्या, अद्याप खोल न उतरलेल्या कर्करोगासाठी डी ०४ आहे. साध्या तिळासाठी डी २२. इतर निरुपद्रवी गाठींसाठी डी २३.

येथे एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. त्वचेच्या तळथरातून उद्भवणारा बेसल सेल कर्करोग सावकाश वाढतो व सहसा दूर पसरत नाही. स्क्वॅमस सेल कर्करोग लसिकाग्रंथींत पसरू शकतो. उपचारांच्या दृष्टीने दोहोंत अंतर आहे, तथापि जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ यादीत दोन्ही सी ४४ खाली एकत्र राहतात. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केलेल्या आपल्या विस्तारित आवृत्तीत पुढचे अंक जोडून त्यांना वेगळे केले. त्यामुळे गालावरील बेसल सेल कर्करोग तेथे सी ४४.३१९ होतो आणि त्याच जागेवरील स्क्वॅमस सेल कर्करोग सी ४४.३२९ होतो. मूळ यादी वापरणाऱ्या देशात दोन्हींची नोंद सी ४४.३ एवढीच होते.

नवशिक्या कोडरची चूक आणखी एका जागी होते. डी ४८.५ याचा अर्थ ‘वर्तन अनिश्चित असलेली त्वचेची गाठ’ असा आहे. डॉक्टरने टिपणात संशय व्यक्त केला, की हा संकेतांक लावण्याचा मोह होतो. वस्तुतः ही अनिश्चितता डॉक्टरच्या मनातील नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही पेशी कोणत्या मार्गाने जातील हे सांगता येत नाही, असा निर्णय विकृतितज्ज्ञाने दिला असेल तरच तो लावावयाचा. ज्या गाठीची परीक्षाच झालेली नाही तिच्यासाठी अमेरिकन आवृत्तीत डी ४९.२ हा निराळा संकेतांक आहे. ‘ठरविता आले नाही’ आणि ‘अद्याप ठरविले नाही’ यांतील हे अंतर तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यासही मनोरंजक वाटावे.

३. शस्त्रक्रियेचा संकेतांक

काय केले हे सांगणारी अमेरिकन यादी तेथील वैद्यक संघटनेने १९६६ साली प्रथम प्रसिद्ध केली. ती सीपीटी या नावाने ओळखली जाते. तिच्यात त्वचेची घातक गाठ समूळ कापून काढण्याच्या क्रियेस ११६०० ते ११६४६ हे संकेतांक आहेत, आणि निरुपद्रवी गाठीसाठी ११४०० ते ११४४६. घातक गाठींचे पुन्हा तीन गट पडतात : धड, बाहू व तंगड्या हा पहिला, डोक्याची त्वचा, मान, हाताचे पंजे, पावले व जननेंद्रिये हा दुसरा, चेहरा, कान, पापण्या, नाक व ओठ हा तिसरा. प्रत्येक गटात आकारमानाच्या सहा पायऱ्या आहेत : ०.५ सेंटिमीटरपर्यंत, ०.६ ते १.०, १.१ ते २.०, २.१ ते ३.०, ३.१ ते ४.०, आणि त्याहून मोठी.

या मांडणीत मराठी बोलणाऱ्यास विशेष सावध राहावे लागते. मराठीत ‘पाय’ म्हटले की त्यात मांडी, पोटरी, घोटा आणि पाऊल ही सर्व येतात. ‘हात’ म्हटले की दंडापासून बोटांपर्यंतचे सारे अवयव येतात. रोगाच्या वर्गीकरणातही पाऊल हे पायाखालीच मोडते. परंतु शस्त्रक्रियेच्या यादीत पोटरी पहिल्या गटात आणि पाऊल दुसऱ्या गटात आहे. भारतीयांतील मेलॅनोमा तळपायावर आढळण्याची शक्यता लक्षणीय असल्याने ‘उजवा पाय’ एवढेच लिहिलेले टिपण अपुरे ठरते.

आकारमान मोजण्याचा नियम तर अधिकच काटेकोर आहे. गाठीचा सर्वांत मोठा व्यास घ्यावयाचा, आणि त्यात रोग निःशेष काढण्यासाठी आवश्यक असलेल्या सर्वांत अरुंद किनारीची दुप्पट मिळवावयाची. समजा, एका रोग्याच्या उजव्या गालावर ०.८ सेंटिमीटर व्यासाचा बेसल सेल कर्करोग आहे आणि शल्यचिकित्सकाने प्रत्येक बाजूस ०.४ सेंटिमीटर निरोगी त्वचा घेतली. मोजमाप ०.८ अधिक ०.४ अधिक ०.४, म्हणजे १.६ सेंटिमीटर झाले. तिसरा गट, तिसरी पायरी; संकेतांक ११६४२. किनार लिहावयाची राहिली तर कोडरच्या हाती केवळ ०.८ उरते आणि संकेतांक ११६४१ होतो. काम तेच, परंतु मोबदला खालच्या पायरीचा.

जखम नीट मिटावी म्हणून छेद बहुधा होडीच्या आकाराचा घेतात, व त्याची लांबी रुंदीच्या तिपटीच्या आसपास ठेवतात. ही लांबी वरील मोजमापात धरावयाची नसते. ती रोगासाठी नसून शिवणीसाठी असते. तसेच, काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आकसतो. प्रयोगशाळेच्या अहवालातील माप म्हणूनच प्रत्यक्षाहून कमी भरते. माप छेद घेण्यापूर्वी, त्वचेवर पट्टी धरून घ्यावे, हा नियम यातून आला आहे.

साधी शिवण वरील संकेतांकातच अंतर्भूत असते. परंतु जखम थराथरांनी शिवली, तर त्याचा निराळा संकेतांक लागतो. वरील उदाहरणात शिवण ४.८ सेंटिमीटर लांब व दोन थरांची असेल तर १२०५२. अनेक जखमा एकाच गटातील भागांवर, एकाच प्रकारे शिवल्या असतील, तर त्यांच्या लांबींची बेरीज करावयाची; गाठी मात्र प्रत्येक स्वतंत्र मोजावयाची, त्यांची बेरीज कधीच करावयाची नाही. आणि जखम मिटविण्यासाठी शेजारची त्वचा सरकवून आणली, तर गाठ काढण्याचा संकेतांक मुळीच लावावयाचा नाही. त्वचा सरकविण्याच्या, गालाच्या बाबतीत १४०४० या, संकेतांकात तो आधीच समाविष्ट आहे. एकाच कामाचे दोनदा पैसे घेतले जाऊ नयेत म्हणून अमेरिकन शासनाने १९९६ पासून अशा जोड्यांच्या विस्तृत याद्या अमलात आणल्या आहेत.

मोह्स पद्धतीची गोष्ट वेगळी आहे. विस्कॉन्सिन येथील फ्रेडरिक मोह्स यांनी १९३० नंतरच्या दशकात तिचा पाया घातला. तीत त्वचेचा पातळ थर काढून तत्काळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि जेथे कर्करोग शिल्लक दिसतो तेवढ्याच जागी पुढचा थर काढतात. चेहरा, मान, पंजे इत्यादींवरील पहिल्या टप्प्यास १७३११ आणि पुढील प्रत्येक टप्प्यास १७३१२ हे संकेतांक आहेत. शल्यचिकित्सक आणि विकृतितज्ज्ञ या दोन्ही भूमिका एकाच डॉक्टरने पार पाडल्या असतील तरच हे संकेतांक चालतात. तुकडा दुसऱ्याने तपासला, तर क्रिया बाह्यतः तशीच दिसली तरी बिल साध्या छेदनाचेच होते.

४. अहवालाची प्रतीक्षा

या साऱ्या नियमांच्या मुळाशी एक शिस्त आहे : प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत बिल पाठवावयाचे नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी गाठ कर्करोगाची आहे असे डॉक्टरास वाटले आणि अहवालात ती निरुपद्रवी निघाली, तर ११६४२ ऐवजी ११४४२ लागतो. उलट, पहिल्या छेदनात किनारीवर रोग शिल्लक राहिला म्हणून पुन्हा छेदन केले आणि दुसऱ्या तुकड्यात कर्करोग आढळला नाही, तरी दुसरी क्रियाही घातक गाठीचीच धरतात, कारण ती ज्या रोगासाठी केली तो रोग सिद्ध झालेला असतो. हे दुसरे छेदन पहिल्यानंतरच्या दहा दिवसांत झाले, तर ते पूर्वनियोजित वा आनुषंगिक होते हे दर्शविणारी ५८ ही खूणही जोडावी लागते.

अंधेरीतील कोडरने रोग्यास पाहिलेले नसते, गाठ पाहिलेली नसते, डॉक्टरचा आवाजही बहुधा ऐकलेला नसतो. तर्काने रिकामी जागा भरण्याची त्यास मुभा नाही; शंका असेल तर डॉक्टरकडे लेखी विचारणा करावी लागते. जे लिहिले नाही ते केले नाही, असे त्या व्यवसायात मानतात. हा दंडक कठोर आहे, परंतु त्यामुळे टिपण लिहिणाऱ्यास वळण लागले. या पद्धतीची दुसरी बाजूही विसरता येत नाही. प्रत्येक मिलिमीटरास आणि प्रत्येक टाक्यास किंमत असली म्हणजे मिलिमीटर वाढविण्याचा आणि टाके वेगळे मोजण्याचा मोह उत्पन्न होतो, व त्यास आवर घालण्यासाठी तपासनिसांची आणखी एक पलटण उभी करावी लागते.

५. मेडिक्लेमचा हिशेब

आता तीच ०.८ सेंटिमीटरची गाठ घाटकोपरच्या रहिवाशाच्या गालावर आहे असे मानावे. भारतात सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्यांनी मेडिक्लेम १९८६ साली आणला. क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थांसाठी, म्हणजे टीपीएसाठी, नियम २००१ साली झाले. जुलै २०१० मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील चार कंपन्यांनी मुंबईसह काही मोठ्या शहरांतील अनेक रुग्णालयांची कॅशलेस सोय थांबविली, आणि ठराविक क्रियांचे ठराविक दर मान्य करणाऱ्या रुग्णालयांचे नवे जाळे उभारले. तेव्हापासून उपनगरांतील नर्सिंग होमांत ‘पॅकेज’ हा शब्द नित्याचा झाला.

विमा नियामकाने ठरविलेल्या क्लेम फॉर्मच्या रुग्णालयाने भरावयाच्या भागात रोगाचा आणि शस्त्रक्रियेचा, असे दोन्ही संकेतांक विचारले आहेत. शस्त्रक्रियेसाठी तेथे अमेरिकन वैद्यक संघटनेची यादी नसून दहाव्या आवृत्तीस जोडलेली सात अक्षरांची पीसीएस नामक दुसरी यादी अपेक्षित आहे. तिच्यात चेहऱ्याची त्वचा कापून काढण्याचा संकेतांक ० एच बी १ एक्स झेड झेड असा होतो. त्यातील अक्षरे अनुक्रमे शस्त्रक्रियेचा विभाग, त्वचेची संस्था, छेदन, चेहरा आणि बाह्य मार्ग सांगतात. अखेरची दोन, सांगण्यासारखे अधिक काही नाही, एवढेच सांगतात. गाठ केवढी होती याला तीत जागा नाही. गाठ कर्करोगाची होती की नाही, यालाही नाही. अर्धा सेंटिमीटरचा तीळ आणि चार सेंटिमीटरचा कर्करोग या यादीत सारखेच दिसतात. अतएव भेद दाखविण्याचे सारे ओझे रोगाच्या संकेतांकावर, आणि त्याहून अधिक डिस्चार्ज कार्डावरील शब्दांवर पडते.

हे शब्द तीन ठिकाणी निर्णायक ठरतात. पहिले ठिकाण सौंदर्यशस्त्रक्रियेच्या अपवादाचे. नियामकाने २०१९ साली प्रमाणित केलेल्या अपवादांपैकी आठवा अपवाद रूप बदलण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेस वगळतो. मात्र अपघात, भाजणे वा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेस, आणि प्रत्यक्ष व तातडीचा धोका दूर करणाऱ्या आवश्यक उपचारास त्यातून मोकळीक आहे. ‘गालावरील डाग काढला’ असे लिहिलेले डिस्चार्ज कार्ड या अपवादात सापडते. ‘बायॉप्सीने सिद्ध झालेला बेसल सेल कर्करोग काढला’ असे लिहिलेले सापडत नाही.

दुसरे ठिकाण चोवीस तासांच्या अटीचे. अट शिथिल करणाऱ्या डे-केअरच्या व्याख्येत असे उपचार येतात, जे तंत्राच्या प्रगतीमुळे थोडक्या वेळात आटोपतात, पण एरवी ज्यांना चोवीस तासांहून अधिक काळ दाखल व्हावे लागले असते. जे उपचार बाह्यरुग्ण म्हणूनच घेतले जातात ते या व्याख्येतून स्पष्टपणे वगळले आहेत. स्थानिक भूल देऊन अर्ध्या तासात काढलेली ०.८ सेंटिमीटरची गाठ बरोबर या सीमारेषेवर येते. तीच गाठ दोन वर्षे दुर्लक्षित राहून चार सेंटिमीटरची झाली, त्वचेचे रोपण करावे लागले आणि रोगी तीन दिवस दाखल राहिला, तर या अटीचा प्रश्नच उरत नाही. जो रोगी वेळेवर आला त्याचा क्लेम वादात पडावा आणि ज्याने उशीर केला त्याचा सुरळीत व्हावा, ही विसंगती कोणा अधिकाऱ्याच्या दुष्टबुद्धीतून आलेली नाही. दाखल राहण्याच्या वेळेवरून उपचाराची गरज मोजण्याच्या पद्धतीतून ती आली आहे. तथापि तिचा परिणाम कर्करोगाच्या बाबतीत गंभीर आहे, कारण त्यात लवकर येणे हेच अर्धे औषध असते.

तिसरे ठिकाण कालनिर्देशाचे. ‘पुष्कळ वर्षांपासून’ हे शब्द केसपेपरावर सहज लिहिले जातात. रोगी त्या वेळी बहुधा जुन्या तिळाविषयी बोलत असतो. वाचणारा मात्र ते कर्करोगाविषयी समजतो, आणि क्लेम पूर्वीपासून असलेल्या रोगाच्या अटीत अडकतो. २०२४ च्या नियमांप्रमाणे पॉलिसीपूर्वीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरने निदान केलेला, अथवा ज्यासाठी वैद्यकीय सल्ला वा उपचार झाले असा रोगच पूर्वीपासूनचा समजला जातो. ‘तीळ लहानपणापासून; त्यात चार महिन्यांपासून वाढ व रक्तस्राव; त्यापूर्वी कोणताही सल्ला घेतलेला नाही’ असे वाक्य असते, तर गैरसमजास जागा राहिली नसती.

याशिवाय काळाचा आणखी एक पेच आहे. २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस पूर्वमान्यतेचा निर्णय एका तासात आणि घरी सोडतानाची अंतिम मान्यता तीन तासांत देण्याचे बंधन कंपन्यांवर आहे. रोग्याच्या सोयीसाठी हे योग्यच आहे. परंतु काढलेल्या तुकड्याचा अहवाल येण्यास काही दिवस लागतात. अमेरिकन पद्धतीत बिल अहवालासाठी थांबते. येथे अहवाल येण्यापूर्वीच बिल मिटते. मुख्य शस्त्रक्रियेपूर्वी लहान तुकडा घेऊन बायॉप्सी केलेली असेल, तरच क्लेम फॉर्मवरील रोगाचे नाव सिद्ध असते. नसेल तर ते अनुमान असते. अनेक पॉलिसींत, उदाहरणार्थ एप्रिल २०२० पासून उपलब्ध झालेल्या आरोग्य संजीवनीत, दाखल होण्यापूर्वीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस यांतील खर्चास स्थान आहे. क्लेम मान्य झाला असल्यास उशिरा आलेल्या अहवालाचा खर्च त्यातून मिळू शकतो. पण आधी नाकारलेला क्लेम त्या अहवालाच्या आधारे पुन्हा उघडून घेण्याचे कष्ट रोग्याच्या कुटुंबालाच करावे लागतात.

६. शासकीय योजनेचे पॅकेज

राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत मुंबई शहर व मुंबई उपनगर हे दोन्ही जिल्हे होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सर्व राज्यात गेली, आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. २०२० पासून तिची सांगड केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी घातली गेली, आणि २०२३ च्या निर्णयाने कुटुंबामागे वार्षिक संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले.

या योजनेत रोग्यास बिल दिले जात नाही. क्रियेचे पॅकेज ठरलेले असते. खाट, परिचर्या, भूल, औषधे, तपासण्या, जेवण आणि घरी गेल्यानंतरच्या दहा दिवसांतील उपचार हे सर्व त्यात येते. कागदपत्रे आरोग्यमित्रामार्फत जातात आणि ठरावीक पुरावे पाहून पूर्वमान्यता मिळते. निदानाचा पुरावा शस्त्रक्रियेच्या आधी मागितला जातो, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. त्या बाबतीत ती मेडिक्लेमपेक्षा अमेरिकन शिस्तीच्या जवळ आहे. तिचा दोष विरुद्ध टोकाचा आहे. पॅकेजाची रक्कम एक असल्याने सूक्ष्म मापांना पैशात किंमत नसते, आणि ज्यास किंमत नाही ते लिहिण्याची सवय मोडते. सुटे मोजण्याची पद्धत अधिक काम दाखविण्याकडे झुकते, तर एकरकमी पद्धत कमी काम करण्याकडे. टिपण नसेल तर दोन्ही झुकाव डोळ्यांआड राहतात.

७. बिलात न मावणारे

संकेतांक कितीही बारीक केला तरी रोगाचा काही भाग त्याच्याबाहेर राहतो, याचे उत्तम उदाहरण मुंबईतच सापडते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर, जे पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, यांनी १९४५ साली एका सहसंशोधकासह प्रसिद्ध केलेल्या निबंधात चालीरीतींशी निगडित अशा कर्करोगांचे वर्णन केले. त्यांत धोतराचा कर्करोग होता. कमरेवर एकाच जागी वर्षानुवर्षे घट्ट कसलेल्या वस्त्राच्या घर्षणाने त्वचा प्रथम रंगहीन व जाड होते, मग तीवर व्रण पडतो, आणि क्वचित त्याचा स्क्वॅमस सेल कर्करोग होतो. पुढे परकराच्या नाडीमुळे स्त्रियांच्या कमरेवर होणाऱ्या अशाच विकारास वैद्यकीय नियतकालिकांत साडीचा कर्करोग म्हटले गेले.

असा रोगी आज मुलुंडच्या रुग्णालयात आला तर त्याचा संकेतांक सी ४४.५, म्हणजे धडाच्या त्वचेचा कर्करोग, असा होईल. अमेरिकन यादीने गाठ काढल्यास, किनारीसह माप चार सेंटिमीटरांहून अधिक असल्यास, ११६०६ होईल. दोन्ही अचूक असतील. आणि दोहोंत नाडीचा उल्लेख नसेल. जुन्या भाजल्याच्या व्रणावर उद्भवणाऱ्या, मार्जोलिनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कर्करोगाचीही हीच गत आहे. बिलास कारणाची गरज नसते. प्रतिबंधास मात्र कारणाचीच गरज असते, कारण नाडी सैल बांधावी व तिची जागा बदलत राहावी हा सल्ला बिनखर्चाचा आहे.

इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदवही सुरू केली. अशा नोंदवह्यांत रोगाच्या जागेबरोबर पेशींच्या जातीचाही संकेतांक असतो, त्यामुळे बेसल सेल कर्करोग ८०९० आणि स्क्वॅमस सेल कर्करोग ८०७० असे वेगळे राहतात. ही माहिती रुग्णालयांच्या कागदपत्रांतून उतरवून घेतली जाते. म्हणजे बिलाच्या कोडरला ज्या टिपणाची गरज आहे, त्याच टिपणावर नोंदवहीही उभी आहे. बोरिवलीतील एखाद्या नर्सिंग होमात काढलेली गाठ प्रयोगशाळेत पाठविलीच नाही, वा तिचा अहवाल रोग्याच्या पिशवीतच राहिला, तर ती बिलातून निसटते तशीच गणनेतूनही निसटते.

८. एका टिपणाचे मोल

वरील विवेचनावरून सुधारणेचा मार्ग नव्या संकेतांकांच्या आयातीत शोधण्याचे कारण दिसत नाही. अंधेरीतील कोडर अमेरिकन टिपणांत जे शोधतो ते भारतीय केसपेपरावर मराठीत वा इंग्रजीत लिहिण्यास कोणतीही यंत्रणा लागत नाही. ‘उजव्या गालावर ०.८ सेंटिमीटरची गाठ, चार महिन्यांपासून वाढणारी, पूर्वी उपचार नाही. बायॉप्सीत बेसल सेल कर्करोग. दोन्ही बाजूंस ०.४ सेंटिमीटर किनार घेऊन स्थानिक भुलीखाली छेदन; ४.८ सेंटिमीटर जखम दोन थरांत शिवली. तुकडा परीक्षेस पाठविला, अहवाल आल्यावर जोडावा.’ एवढ्या मजकुरातून मेडिक्लेमच्या टीपीएस, योजनेच्या पूर्वमान्यता-अधिकाऱ्यास, अमेरिकन यादीच्या कोडरला आणि कर्करोगाच्या नोंदवहीस, प्रत्येकास आपापले उत्तर मिळते. डे-केअरच्या व्याख्येतील विसंगती अशा टिपणाने दूर होणार नाही. तिला धोरणाचेच उत्तर हवे. परंतु लवकर निदान झालेल्या किती लहान कर्करोगांचे क्लेम या व्याख्येपाशी अडतात, हे धोरणकर्त्यांपुढे मांडावयाचे झाले तर त्या कर्करोगांची मापे कोठेतरी लिहिलेली असावी लागतील. शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी पट्टी धरून लिहिलेला एक आकडा तेथपर्यंत जाऊ शकतो. न लिहिलेला आकडा त्या टेबलावरच संपतो.